जाड सिनॉप्सिस की दोन पानी प्रस्ताव? लास्ट इयरच्या ग्रुपसाठी

लास्ट इयरच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, सॉफ्टवेअर प्रोजेक्टचा प्रस्ताव दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे पंधरा-वीस पानांचं सिनॉप्सिस: आधीच्या कामाचा आढावा, प्रत्येक मॉड्यूलच्या गरजा, ईआर डायग्राम (कोणती माहिती साठवायची आणि ती एकमेकींशी कशी जोडलेली, याची आकृती), गँट चार्ट (कामांचं तारखांनुसार वेळापत्रक), सगळं आधीच ठरवून टाकलेलं. दुसरी म्हणजे दोन पानं आणि सोबत हाताने काढलेल्या चार-पाच स्क्रीन. त्यात त्रास कुणाला आहे, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आम्ही काय चालवून दाखवू आणि पुढचं कशावरून ठरवू, एवढंच असतं. गाईडनी निवड तुमच्यावर सोडली असेल तर आपल्या विषयातला न कळलेला भाग किती आहे, तो आधी मोजा. मी पानांचा हिशोब त्यावरच करतो.

कोल्हापुरातलेच दोन विषय घेऊ. पहिला, पंचगंगेच्या पुराची सूचना देणारं ॲप. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या घराघरांत हे आकडे पाठ आहेत. ॲपने कधी काय सांगायचं ते नियमात बसतं, आणि चुकलं तर माणसं अडकतात. अशा विषयाला जाड सिनॉप्सिसच हवं. त्यातली गरज अशी लिहा: ‘पातळी 39 फुटांवर गेल्याची नोंद आल्यापासून 10 मिनिटांत त्या भागातल्या प्रत्येक नोंदणीकृत नंबरवर संदेश जावा.’ हे वाक्य तपासता येतं. ‘ॲप वेगवान आणि युजर-फ्रेंडली असेल’ हे कुणालाच तपासता येत नाही, आणि दुर्दैवाने बहुतेक सिनॉप्सिसमध्ये हेच असतं.

सविस्तर लिहायला बसलं की अडचणी वेळेवर समोर येतात, हा या पद्धतीचा खरा फायदा. पातळीचा आकडा कुठून आणि दर किती वेळाने मिळणार? संदेश एसएमएसने जाणार असेल, तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर नोंदणी करून हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचं टेम्पलेट मंजूर करून घ्यावं लागतं. ॲप प्ले स्टोअरवर टाकायचं तर एकदाच 25 डॉलर भरावे लागतात. शिवाय नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. हे ऑगस्टमध्ये कळलं तर गँट चार्टवर एक रेघ वाढते. मार्चमध्ये कळलं तर डेमोच जातो.

सिनॉप्सिसच्या नमुन्याचं म्हणाल, तर सॉफ्टवेअरच्या गरजा कशा लिहायच्या हे सांगणारं, आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं 830 हे मानक 1998 चं. 2011 मध्ये त्याची जागा 29148 या मानकाने घेतली. कॉलेजच्या छापील नमुन्यात जुना आकडा दिसला तरी बिचकू नका, गरजांना क्रमांक देऊन लिहिण्याची त्यातली शिस्त आजही कामाची आहे.

आता दुसरा विषय, मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीसाठी (शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दुकानासाठी) हिशोबाचं सॉफ्टवेअर. घरबसल्या वाटतं की आवक, वजन, दर आणि बिल, एवढंच तर आहे. प्रत्यक्ष दुकानात बसा. शेतकऱ्याचे रवे (गुळाच्या ढेपा) उतरतात, सौदा निघतो, दर प्रतीनुसार बदलतो. शेवटी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या रकमेचा हिशोब, करताना हमाली, तोलाई तर वजा होतेच, शिवाय हंगामाआधी दिलेली उचलही (आगाऊ रक्कम) वळती होते. ती सगळी एकदम वळती करायची की थोडी पुढच्या पट्टीवर ढकलायची, हे दुकानाचे हिशोब बघणारे दिवाणजी शेतकऱ्याशी बोलून ठरवतात. हा निर्णय वहीत कुठेच लिहिलेला नसतो. तुमच्या ईआर डायग्राममध्ये तो ऑगस्टमध्ये येणार कसा?

तारखांचाही पेच आहे. नव्या हंगामातल्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात दिवाळी पाडव्याला, आणि सिनॉप्सिस द्यायचं असतं त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे ज्या कामाचं सॉफ्टवेअर करायचं, ते काम भरात असलेलं न बघताच वीस पानं भरायची. अशी पानं अंदाजाची होतात, आणि एकदा छापून सही झाली की ग्रुप त्या अंदाजालाच चिकटून बसतो. इथे मी नि:शंकपणे दोन पानी प्रस्ताव निवडेन. त्यात लिहा: ‘पाडव्यापर्यंत फक्त पट्टी तयार होईल असा कच्चा नमुना. त्यानंतर तीन आठवडे एका अडत दुकानात वहीच्या शेजारी तो चालवणार. उचलीचा नियम त्यावरून ठरवणार.’

दोन पानी प्रस्तावाची दुसरी बाजूही नीट बघा. बाहेरून आलेल्या परीक्षकांना तुमचं काम माहीत नसतं, त्यांच्या हातात कागदच असतो. त्यामुळे दर दोन आठवड्यांनी काय ठरलं, काय बदललं आणि का, याची तारीखवार नोंद ठेवलीच पाहिजे. ‘आम्ही अजाईल आहोत’, म्हणजे थोडं थोडं करून, दाखवून, बदलत जातो, असं म्हणून कागदच टाळणारे ग्रुप व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) अडकतात. 2001 च्या अजाईल जाहीरनाम्यात चालत्या सॉफ्टवेअरला जास्त महत्त्व आहे, पण कागदपत्रांनाही मोल आहे हे तिथेच स्पष्ट लिहिलंय. उलट बाजूने, टप्प्याटप्प्याच्या सरळ वाटेचं चित्र 1970 मध्ये मांडणाऱ्या विन्स्टन रॉइस यांनीच ती वाट जशीच्या तशी धरणं धोक्याचं आहे, असं त्या लेखात म्हटलं होतं. त्यामुळे जाड सिनॉप्सिसमध्येही फेरविचाराच्या तारखा असाव्यात.

तासांचा हिशोब दोन्हीकडे सारखाच लागू. चौघं, आठवड्याला प्रत्येकी 6 तास, 14 आठवडे, म्हणजे 336 तास. परीक्षा, सबमिशन, गणपती, दिवाळी धरून त्यातले शंभर वजा करा. उरलेल्या 236 तासांत लॉगिन, हिशोब, अहवाल, मोबाईल ॲप आणि वर ‘एआयने दराचा अंदाज’ बसत नाही. म्हणून ‘आम्ही काय करणार नाही’ हा परिच्छेद दोन्ही प्रकारांत हवाच. मला तर प्रस्तावातला सगळ्यात मोलाचा भाग तोच वाटतो. ‘जीएसटी रिटर्न नाही, दराचा अंदाज नाही, एकाच दुकानापुरतं’ असं स्वच्छ लिहिलं की रिव्ह्यूमध्ये ‘हेपण घाला की’ म्हणणाऱ्यांना दाखवायला कागद असतो.

कामाची वाटणीही नावानिशी लिहा, आणि प्रत्येक कामाला दुसरं नाव जोडा. डेटाबेस एकट्यालाच कळतो आणि तो प्लेसमेंटच्या धावपळीत पुण्याला गेला, तर बाकी तिघं हात बांधून बसतात.

आणि डिपार्टमेंटने वीस पानांचीच सक्ती केली असेल तर? आधी दोन पानं लिहा, ती दुकानदाराला, म्हणजे ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर करताय त्याला, मराठीत वाचून दाखवा. तो जिथे ‘असं नसतंय ओ’ म्हणेल तिथे खूण करा. मगच पानं वाढवा. त्या खुणांना ‘गृहीतके आणि खुले प्रश्न’ असं स्वतंत्र प्रकरण द्या, प्रत्येकासमोर उत्तर मिळवण्याची तारीख आणि एकाचं नाव घाला. गाईडची सही त्या प्रकरणासकट घ्या, म्हणजे नोव्हेंबरमध्ये उचलीचा नियम बदलला तरी सिनॉप्सिस पुन्हा मंजूर करून घ्यावं लागणार नाही.