पोस्टग्रेसवर प्रत्येकाला वेगळं लॉगिन: दहा महिने वापरून झाल्यावर

तासगाव भागात बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, म्हणजे मालकांचं आहे, मी तिथला कॉम्प्युटरवाला. प्रिंटरमधे कागद अडकला तरी मलाच हाक आणि सर्व्हर बसला तरी मलाच. आवक, गेटपास, भाडं, उचल सगळं पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधे, आणि गेल्या श्रावणापर्यंत ऑफिसातले सगळेच्या सगळे 'पोस्टग्रेस' या एकाच सुपरयुजरने (ज्याला सगळंच करता येतं असा युजर) आत जायचे. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला पिवळ्या कागदावर चिकटवलेला.

एक दिवस अकाउंटच्या ताई सहज म्हणाल्या, "अरे, पासवर्ड चुकला तरी आत गेलं की हे." मी म्हटलं असं होत नसतं ताई, परत टाकून दाखवा. त्यांनी तीनदा १ दाबला आणि एंटर मारलं. गेलं आत! पीजी एचबीए नावाची फाइल उघडली, म्हणजे कोण कुठून कुठल्या डेटाबेसला कसं जोडू शकतो ते ज्यात लिहिलेलं असतं ती, तर सगळ्यात वर ऑफिसच्या अख्ख्या नेटवर्कसाठी 'ट्रस्ट'. ट्रस्ट म्हणजे नाव सांगा आणि या, पासवर्ड विचारतच नाही. इतकी वर्षं तो पिवळा कागद आम्ही उगाच जपत होतो. ही ओळ कुणी टाकली ते विचारू नका, बहुतेक मीच टाकली असणार.

मग बसलो. नवीन मशीनवर उबंटू, त्यावर पोस्टग्रेस १७. पासवर्डचं काम खरं सांगतो एका दुपारचं आहे. पोस्टग्रेस १४ पासून पासवर्ड साठवायची डिफॉल्ट पद्धत स्क्रॅम आहे (जुन्या एमडी५ पेक्षा सुरक्षित), फाइलमधे ट्रस्टच्या जागी 'स्क्रॅम शा २५६' लिहायचं, प्रत्येकाचा रोल (पोस्टग्रेसमधे युजरला आणि गटाला दोन्हींना रोलच म्हणतात) करायचा आणि फाइल रीलोड करायची, रीस्टार्ट लागत नाही. रीस्टार्ट लागतो तो 'लिसन ॲड्रेसेस' (सर्व्हरने कुठल्या आयपीवर ऐकायचं ते) सारखं सेटिंग बदललं तर. आणि सर्व्हरवर बसून लिनक्सच्या पोस्टग्रेस युजरने पासवर्डशिवाय आत जाता येतं, त्याला पीअर म्हणतात, ती ओळ कुणी काही सांगितलं तरी काढू नका. मी दोनदा स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलंय आणि दोन्ही वेळा तिनेच आत घेतलं.

अडलं ते वजनकाट्याच्या कॉम्प्युटरपाशी. तिथे अजून विंडोज ७, त्यावरचा डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर स्क्रॅमच्या आधीच्या जमान्यातला (स्क्रॅम आलं २०१७ मधे, पोस्टग्रेस १० बरोबर). स्क्रीनवर 'ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड'. बरं म्हटलं, याच्यापुरतं जुनं एमडी५ ठेवू, त्या युजरचा पासवर्ड एमडी५ मधे करून घेतला आणि फाइलच्या तळाला काट्याच्या आयपीची ओळ टाकली. तरी तोच एरर. पासवर्ड तीनदा बदलला, केबल काढून लावली, बाहेर बेदाण्याची गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. दीड तासाने डोक्यात उजेड पडला की ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ सापडली की संपलं, तिथे जमलं नाही तर पुढच्या ओळीकडे बघत नाही. वरती अख्ख्या नेटवर्कची स्क्रॅमवाली ओळ होती, काटा तिथेच जुळत होता, माझी ओळ तळाला नुसती शोभेला. ती वर उचलली आणि काटा चालू. नंतर कळलं की वरच्या ओळीत एमडी५ लिहिलं असतं तरी ज्यांचे पासवर्ड स्क्रॅममधे आहेत त्यांना ती आपोआप स्क्रॅमनेच घेते, म्हणजे वेगळी ओळ लागतच नव्हती. असो. पोस्टग्रेस १८ पासून एमडी५ पासवर्ड अधिकृतपणे मोडीत निघायच्या यादीत आलेत, म्हणून दिवाळीत काट्याचं मशीनच बदलायला लावलं.

पासवर्ड एका दुपारचे, पण परवानग्यांनी माझे चार महिने खाल्ले. जो सांगतो 'नुसतं ग्रँट (परवानगी द्यायची कमांड) द्यायचं' त्याने हे केलेलं नाही. मी तीन गट केले, लॉगिन नसलेले रोल म्हणा: बघणारे, नोंद करणारे आणि टेबलांचा मालक. माणसं या गटांत टाकायची, माणसाला थेट काही द्यायचं नाही. इथपर्यंत छान. पहिल्याच सकाळी सातला गेटवरच्या मामांचा फोन, "आवक घेत नाही रे हे, परमिशन डिनाइड म्हणतंय." टेबलावर इन्सर्ट, म्हणजे नवी नोंद टाकायची परवानगी, दिलेला होता! नीट वाचायला लावलं तर पुढे सिक्वेन्स लिहिलेलं. पावतीचा नंबर ज्या सिक्वेन्समधून येतो त्याची परवानगी वेगळी द्यावी लागते, सीरियल (आपोआप वाढत्या नंबरचा) कॉलम असेल तर. हे कुठल्याही यूट्यूब व्हिडिओत पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवं.

दुसरा त्रास त्याहून चिवट. सॉफ्टवेअर करून देणारा मुलगा महिन्या-दोन महिन्याला नवीन टेबल टाकतो आणि दर वेळी बघणाऱ्या गटाला ते टेबल दिसत नाही. मी 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' (पुढे बनणाऱ्या टेबलांना आपोआप परवानगी देणारी कमांड) चालवलं होतं, शपथ. पण ते चालवलं माझ्या लॉगिनने, आणि ते लागू होतं फक्त मी बनवलेल्या टेबलांना. टेबलं बनवतो तो, म्हणून 'फॉर रोल' लिहून त्याचं नाव द्यायला हवं होतं. हे समजायला डिसेंबर उजाडला, तोपर्यंत दर वेळी हाताने ग्रँट.

आणि ३१ मार्च. सीएंच्या ऑफिसातून ऑडिटला येणाऱ्या पोरांना तात्पुरतं लॉगिन दिलं होतं, 'व्हॅलिड अंटिल' मधे ३१ मार्च टाकलं, मला वाटलं त्या दिवशी रात्रीपर्यंत चालेल. वेळ लिहिली नाही की ती रात्री बाराची धरली जाते, म्हणजे ३० संपली आणि लॉगिन गेलं. इयर एंडच्या सकाळी, बेदाण्याच्या ऐन सीझनमधे, दोन पोरं लॅपटॉप उघडून माझ्या तोंडाकडे बघतायत. स्क्रीनवर फक्त 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड'. मुदत संपल्याचं समोरच्याला मुद्दाम सांगत नाहीत, ते सर्व्हरच्या लॉगमधे असतं. आता काहीही अडलं की आधी लॉग, मग बाकीचं.

काय आवडलं नाही? दहादा चुकीचा पासवर्ड टाकला तर लॉगिन बंद करायची सोय मूळ पोस्टग्रेसमधे नाहीच. ऑथ डिले नावाचं मोड्यूल आहे, ते उत्तर द्यायला थोडं थांबतं एवढंच. कुणी नोकरी सोडली आणि त्याचं लॉगिन काढलं तरी आधीपासून उघडं कनेक्शन तसंच चालू राहतं, ते वेगळं तोडावं लागतं. आणि रोल पुसायला गेलात तर त्याच्या नावावर टेबलं असतील तर पुसू देत नाही, आधी 'रीअसाइन ओन्ड' करून दुसऱ्याच्या नावावर करायची. सातबाऱ्यासारखं आहे, वारस लावल्याशिवाय नाव निघत नाही.

पण फायदा एका प्रसंगात वसूल झाला. फेब्रुवारीत काही गेटपास गायब झाले, ऑफिसात नेहमीप्रमाणे 'मी नाही, मी नाही', मी आवाज चढवून सगळ्यांना बोललो. मग लॉग काढला, त्यात आता प्रत्येक ओळीत लॉगिनचं नाव येतं. डिलीट रात्री पावणेअकराला, नाव माझं. टेस्टचा डेटाबेस समजून खऱ्यावर चालवलेलं. ताईंनी दोन दिवस चहा विचारला नाही. त्यानंतर माझं रोजचं लॉगिनसुद्धा बघणाऱ्या गटात टाकलंय, काही बदलायचं असेल तर मुद्दाम रोल बदलायचा.

सध्या गाडं अडलंय ते आमच्या मालकांच्या, अण्णांच्या मुलापाशी, त्याला पुण्यातून थेट रिपोर्ट बघायचेत. राउटरवर ५४३२, म्हणजे पोस्टग्रेसचं पोर्ट, उघडून दे म्हणतो, दोन मिनिटांचं काम आहे म्हणतो. मी म्हटलं व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमधे यायचा सुरक्षित रस्ता) लावून देतो, हे पोर्ट बाहेर उघडणार नाही. फोन ठेवलाय त्याने.