शिआनमध्ये जेवायचं कुठे: मॉलमध्ये की साजिनछिआओच्या गल्लीत?

चीनमधल्या शिआनला दोन-तीन दिवसांसाठी गेलात तर एक अख्खा दिवस टेराकोटा सैन्याला, म्हणजे मातीच्या सैनिकांच्या पुतळ्यांना जातो आणि एक संध्याकाळ शहराच्या जुन्या तटबंदीवर. निवांत जेवणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरतात, म्हणून जागा आधी ठरवलेली बरी.

ड्रम टॉवरमागचा बेइयुआनमेन रस्ता यादीतून काढूनच टाका. रात्री रोषणाई बघायला एक फेरी जरूर मारा, डाळिंबाचा रस प्या. पण जेवायला नको. तिथलं बरंचसं काडीला खोचलेलं, उभ्यानं खायचं, आणि मागून गर्दीचा रेटा. खरी निवड उरते ती बेल टॉवरच्या आसपासचे मॉल आणि पश्चिमेकडच्या हुई मुस्लिम वस्तीतली साजिनछिआओची गल्ली यांच्यात.

मॉलच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. एसी, स्वच्छ टॉयलेट, टेकायला नीट खुर्ची. सोबत ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं असतील तर याचं मोल कळतं. शाकाहाऱ्यांनाही तिथे जास्त वाव मिळतो: बटाट्याच्या परतलेल्या सळ्या, वांगं, लसूण घातलेली पालेभाजी. टोफू मागवताना मात्र वर खिमा नाही ना, हे विचारून घ्या.

माझं घोडं अडलं ते टेबलावरच्या क्यूआर कोडपाशी. बऱ्याच ठिकाणी छापील मेन्यू नसतोच. कोड स्कॅन केला की विचॅट या चिनी चॅट-अ‍ॅपमधलं छोटं अ‍ॅप उघडतं, ते आधी मोबाइल नंबर मागतं, मग मेंबर व्हा म्हणतं. पुढे पन्नास-साठ फोटो आणि प्रत्येकाखाली तिखट किती, वाटी केवढी असे पर्याय, सगळे चिनीत. स्क्रीनशॉट काढायचा, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये भाषांतर करायचं, परत यायचं. तोवर ते पान पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं असतं. वाढणाऱ्या मुलीला हाक मारली तर ती हसून त्याच कोडकडे बोट दाखवते. अलीपे या पैसे देण्याच्या चिनी अ‍ॅपमधून स्कॅन केलं तर कधी कधी भाषांतर आपोआप होतं, हेही खरं. पण दिवसभर चालून आल्यावर, भूक लागलेली असताना हा खटाटोप नकोसा होतो. आणि चौघांचं बिल २०० युआनच्या वर गेलं की अ‍ॅपला जोडलेल्या परदेशी कार्डावर ३ टक्के शुल्क लागतं, ते वेगळंच.

गल्लीत हा प्रकार फारसा नाही. शेजाऱ्याच्या वाडग्याकडे बोट दाखवा, गल्ल्यावर आकडा दिसेल तेवढे पैसे स्कॅन करून द्या, झालं. सकाळी गोमांसाच्या गोळ्यांचं, मिरपुडीनं झणझणीत झालेलं हुलाथांग नावाचं दाट सूप, दुपारी पाओमो. पाओमो म्हणजे आपण मटणाच्या रश्शात भाकरी कुस्करतो त्याचाच चुलतभाऊ, फक्त क्रम उलटा. आधी कोरडी, घट्ट रोटी आणि रिकामा वाडगा हातात येतो. सोयाबीनच्या दाण्याएवढे तुकडे तुम्हीच करायचे. मग वाडगा नंबराच्या बिल्ल्यासह आत जातो आणि रश्शात शिजून परत येतो, म्हणजे तुम्ही कुस्करलेलंच तुमच्या पुढ्यात. सोबत साखरेत मुरवलेला लसूण. तुकडे करायला वीसेक मिनिटं सहज लागतात आणि तेवढ्यात टेबलावरचे आजोबा तुमचे तुकडे फार मोठे आहेत हे खुणेनं सांगतात. यंत्रानं कापलेली रोटीही अनेक ठिकाणी मिळते. घाई असेल तर ती घ्या, पण मग इतक्या लांब येऊन मजा ती काय!

उण्या बाजूही आहेत. मेंढी आणि गोमांस हाच इथला कणा. गोमांस वर्ज्य असेल तर मेंढीचा पाओमो मागा. शुद्ध शाकाहाऱ्याची मदार तिळाच्या चटणीतल्या लियांगपीवर, म्हणजे गार, रुंद नूडल्सवर. ती चविष्ट असते, पण रोज कोण खाणार? डुकराचं मांस नाही, बिअरही बहुधा नाही. टॉयलेटची सोय हॉटेलवरच उरकून निघालेलं बरं. गटात दोघं-तिघं शाकाहारी असतील तर माझा आग्रह नाही, मॉलच बरा पडेल. बाकीच्यांनी निदान दुपारची जेवणं गल्लीत करावीत असं मला वाटतं.

मेट्रोच्या लाइन १ वर साजिनछिआओ नावाचंच स्टेशन आहे. अलीपेला कार्ड निघण्याआधीच जोडता आलं तर उत्तम, म्हणजे ओटीपीसाठी तिथे धावाधाव नको. आणि पाओमोसाठी बाराच्या आसपास पोहोचा. चांगल्या दुकानांचा रस्सा दुपारीच संपतो, आणि संपला की ते सरळ शटर ओढतात.