गुडघ्यातला ‘पू’ आणि ८७,००० रुपये

दादर स्थानकाच्या जिन्यावर आई कठडा धरून थांबली असता एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाने, ‘मावशी, माझ्या आईचेही असेच होते, एका वैद्यांनी शिंगी लावून बरे केले,’ असे सांगून मोबाइल क्रमांक दिला. पुढची तऱ्हा बहुतेकांना ठाऊक असेल. वैद्यबुवा परळला घरी आले, गुडघ्याला पिवळी पूड चोळून त्यांनी ब्लेडने बारीक चिरा दिल्या आणि शिंगी म्हणजे पितळी नळी तोंडाने ओढून, ‘हा गुडघ्यातला पू’ म्हणत स्टीलच्या वाटीत घट्ट, पिवळट द्रव सोडू लागले. एका पिचकारीचे १,५०० रुपये. ‘फार तर दहा निघतील’ असा वायदा होता. निघाल्या ५८.

वाटी भरत असताना गुडघ्याची सूज तसूभरही उतरली नव्हती, चिरांवर रक्ताचे जेमतेम ठिपके होते, आणि नळी कातडीला टेकण्याआधीच तिच्या टोकाला पिवळे लागलेले मला दिसले. नेमके तेव्हाच तो वैद्य म्हणाला, ‘ताई, तुम्हीच मोजा, मागाहून वाद नको,’ आणि मी वहीत रेघा मारू लागले. सारे कसब या मोजायला लावण्यातच आहे, कारण मोजणारा माणूस आकड्यावरून भांडतो, वाटीत काय आहे ते विचारत नाही. ५२,००० यूपीआयने दिले, ३५,००० रोख. रोख मागणाऱ्याला तिथेच उठवा.

मला भोळसट म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की शृंग (म्हणजेच शिंगी), तुंबडी आणि जळवा सुश्रुतसंहितेतही आहेत आणि सांधा बदलण्याचा खर्च आम्हाला लाखांत सांगितला होता. पण ते उपाय रक्त काढण्याचे. झिजलेल्या गुडघ्यात पू नसतो, आणि खरोखर झालाच तर ताप भरतो व रुग्णालय गाठावे लागते. वैद्याचा नोंदणी क्रमांक आधी मागा.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न ‘एवढ्या शिकलेल्या असून?’ हा होता. गाठ दादरला पडली म्हणून तिकडे पाठवले, तिकडच्यांनी पैसे परळला दिले म्हणून परत धाडले, आणि अखेर नुसत्या अर्जावर शिक्का मारून दिला. बँकेने ‘पिन तुम्हीच टाकला’ म्हणून हात वर केले. हद्द कोणतीही असली तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची असते, हे मला नात्यातल्या वकिलाकडून कळावे, खात्याकडून नाही! वाटी तर मुळीच धुऊ देऊ नका. त्याने ती जाता जाता स्वतः मोरीत विसळली, आणि पोलीस आता माझ्याकडेच त्या द्रवाचा नमुना मागत आहेत.