आरई वॉलचं डिझाइन: एमएसईडब्ल्यू घ्यायचं की प्लॅक्सिस?

लातूर-परभणीकडं उड्डाणपुलाच्या अ‍ॅप्रोचला आरई वॉल (भरावात जाळीचे थर घालून उभी केलेली भिंत) करायची असेल तर सॉफ्टवेअरच्या आधी भिंतीखाली काळी माती किती खोल आहे ते बघा, निम्मा निर्णय तिथंच होतो.

खाली कडक मुरूम लागला आणि उंची ६-७ मीटरच्या आत असेल तर एमएसईडब्ल्यूसारखं लिमिट इक्विलिब्रियमवालं, म्हणजे भिंत ढकलणारं आणि धरून ठेवणारं बळ ताडून बघणारं, सॉफ्टवेअर पुरतं. उंची, जिओग्रिडची (भरावातल्या जाळीची) लाँग टर्म स्ट्रेंग्थ, भरावाचा फ्रिक्शन अँगल (मातीच्या कणांमधल्या घर्षणाचा कोन), वरचा लोड एवढं दिलं की भिंत सरकते का, उलटते का, पाया दाब घेतो का आणि कुठल्या थरातली ग्रिड तुटते किंवा उपसून येते ते कळतं, ग्रिडची लांबी उंचीच्या ०.७ पटीपासून धरून भराभर पर्याय बघता येतात, आणि तपासणाऱ्या साहेबाला हिशोब हातानं पडताळता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पण भिंत पुढं किती येईल, पाया किती खचेल हे ही पद्धत सांगत नाही.

ते प्लॅक्सिस, म्हणजे माती किती हलते याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर, सांगतं. भराव थराथरानं चढवत नेता येतो, पुलाचा अबटमेंट (टोकाचा आधार) भिंतीवरच असेल, दोन टप्प्यांची भिंत असेल किंवा खाली मऊ माती असेल तर ते लागतंच. फक्त त्याला मातीचा स्टिफनेस (दाबाखाली न दबण्याची ताकद) लागतो, म्हणजे ट्रायअ‍ॅक्शियल, ओडोमीटर या लॅबमधल्या टेस्ट आल्या, आणि ते आकडे पुस्तकातून उचलून टाकणार असाल तर स्क्रीनवरच्या रंगीत चित्राला काही अर्थ नाही, कृपा करून तसं करू नका.

अजून एक, पाणी लागल्यावर काळी माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते ते प्लॅक्सिसमधलं नेहमीचं हार्डनिंग सॉइल मॉडेल (माती कशी वागते याचं गणित) स्वतःहून धरत नाही. माती काढून मुरूम भरणं आणि पाण्याचा निचरा, हे डिझाइनमध्ये तुम्हीच घालायचं.

भरावाचा मुरूमही खाणीगणिक बदलतो. ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून १५ टक्क्यांपेक्षा कमी जायला पाहिजे, पण मऊ मुरूम रोलरखाली चुरतो, म्हणून सँपल रोलिंगनंतरचंही तपासा आणि त्यातून आलेला फ्रिक्शन अँगलच दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये टाका.

खोल काळी माती असली तर मी दोन्ही वापरीन, लांबी एमएसईडब्ल्यूवर ठरवून मग प्लॅक्सिसवर खचणं बघायचं. भूकंपाची केस दोन्हीकडं चालवा, १९९३ चं किल्लारी याच भागातलं आहे.