१५ मिलिमीटरच्या ड्रिफ्ट नळ्या: नऊ महिने वापरल्यावर

सप्टेंबरपासून मिशिगनमधल्या एका विद्यापीठाच्या तळघरात मी ३२ ड्रिफ्ट नळ्यांचा छोटा चेंबर बांधतोय आणि तपासतोय. सर्नच्या ॲटलस प्रयोगात जे नवे म्यूऑन चेंबर बसतात, त्यांतल्या नळीचीच ही घडण. ॲल्युमिनियमची नळी, बाहेरून १५ मिमी, जाडी ०.४ मिमी. मधोमध सोन्याचा मुलामा दिलेली ५० मायक्रॉनची टंगस्टन-ऱ्हेनियमची तार. आमच्या नळीची लांबी १.६ मीटर. आत ३ बार दाबाखाली ९३ टक्के आरगॉन आणि ७ टक्के कार्बन डायऑक्साइड, तारेवर २७३० व्होल्ट. म्यूऑन (इलेक्ट्रॉनचाच जड भाऊबंद असा कण) आरपार गेला की वायूतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि तारेकडे वाहत येतात. यायला किती वेळ लागला त्यावरून म्यूऑन तारेपासून किती लांबून गेला ते कळतं. सगळ्यात लांबचा इलेक्ट्रॉन १८० नॅनोसेकंदांच्या आसपास पोचतो. जुन्या ३० मिमीच्या नळीत हाच वेळ ७०० च्या घरात होता, म्हणून तर बारीक नळ्यांकडे वळले.

आधी तारेबद्दल, कारण सगळे तिलाच घाबरतात. मी इचलकरंजीचा. आमच्याकडे वहिफणीवाले मागाच्या फणीत ज्या सफाईने सूत ओवतात ते बघत वाढलो, तेव्हा वाटलं, हे जमेल. पण इथे तारेला बोट लावायचंच नसतं. हवेच्या झोतावर ती नळीतून पलीकडे जाते. टोकाच्या प्लगमधल्या पितळी लोकेटरच्या छिद्रातून काढायची, ताण द्यायचा आणि तांब्याच्या बारीक नळकांडीत चेपायची. मागावर सूत तुटलं की गाठ मारून काम पुढे चालतं. इथे गाठ नाही, तार तुटली की ती नळी बाद. पण बाद होते ती एकच नळी, हे या पद्धतीचं मोठं सुख. जपानमधल्या बेल-२ या कणभौतिकीच्या प्रयोगाच्या ड्रिफ्ट चेंबरमध्ये १४,३३६ सेन्स वायर (सिग्नल टिपणाऱ्या तारा) आणि ४२,२४० फील्ड वायर (विद्युतक्षेत्र घडवणाऱ्या तारा) एकाच मोठ्या पोकळीत ताणलेल्या आहेत, सगळ्यांचा मिळून ताण सुमारे ४ टन. तिथे एक तार सुटून शेजारणीवर पडली तर काय, या विचारानेच मला घाम फुटतो. माझ्यापुरतं सांगायचं तर नऊ महिन्यांत तार तुटली फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा घाई माझीच.

चेपणी मात्र वेगळी भानगड आहे. ताण हवा ३५० ग्रॅम, १५ इकडे-तिकडे चालतात. एवढ्या ताणाला ही तार जेमतेम ७ मिमी लांबते. म्हणजे चेपणीतून ती एक मिलिमीटर सरकली की ५० ग्रॅम गेले. डोळ्यांना काही दिसत नाही, नळी अगदी शहाण्यासारखी उभी असते.

तो ताण मोजायचं यंत्र म्हणजे एक चुंबक, विजेचे धक्के देणारा एक पल्सर आणि ऐकणारं सर्किट. तारेला हलका विजेचा धक्का द्यायचा, ती चुंबकीय क्षेत्रात थरथरते, आणि त्या थरथरीने तारेत जो व्होल्टेज निर्माण होतो त्याची वारंवारता वाचायची. आमच्या नळीला ३५० ग्रॅमवर साधारण ९४ हर्ट्झ येतात. ९२ ते ९६ च्या आत असली तर पास. सुरुवातीला हे खेळणंच वाटलं होतं, आता या सगळ्या पसाऱ्यात मला सर्वांत जास्त भरवसा त्याचाच आहे. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, तिचा गुणगुणाट ६० आणि १२० वर येतो, ९४ मोकळं राहतं. भारतात कोणी हे करणार असेल तर नळी दीड मीटरची घेऊ नका. तिची वारंवारता नेमकी १०० हर्ट्झवर येते आणि आपल्याकडच्या ५० च्या विजेचा दुसरा सूर तिथेच बसलेला असतो. कोण गातंय तेच कळणार नाही.

जानेवारीतल्या एका सोमवारी मात्र मी या यंत्राला शिव्या घातल्या. शनिवार-रविवार तळघराचं हीटिंग कमी केलेलं होतं. सकाळी मोजलं तर सगळ्या नळ्या ९२.४ च्या आसपास, म्हणजे ३३८ ग्रॅम. डिसेंबरात त्याच नळ्या ३५० वर होत्या. सगळी चेपणी सैल झाली असं धरून मी प्राध्यापकांना मेल लिहायलाही घेतली. आमचे म्हातारे तंत्रज्ञ तिथेच कॉफी पीत उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "खोलीचं तापमान काय?" ते मी लिहिलेलंच नव्हतं.

गणित सोपं होतं, मला सुचलं नव्हतं इतकंच. थंडीत ॲल्युमिनियम टंगस्टनपेक्षा बरंच जास्त आकसतं, नळी आखूड होते, तार सैल पडते. एका अंशाला दीड ग्रॅम. खोली २३ वरून १५ अंशांवर गेली होती, म्हणजे १२ ग्रॅम. हिशेब चोख. बुधवारपर्यंत खोली तापली आणि ३१ नळ्या जागेवर आल्या. १९ नंबर आली नाही, ती ९०.८ वरच राहिली. ३२६ ग्रॅम, म्हणजे तार अर्धा मिलिमीटर सरकलेली. सगळ्या एकदम बदलल्या तर हवामान आणि एकटी बदलली तर चेपणी, हे तेव्हा कळलं. पहिल्या दिवशी पास झालेली नळी दोन-तीन आठवड्यांनी परत मोजायला हवी, हेही. बांधणीचा वेळ नळीमागे काही मिनिटांचा, खरा काळ जातो तो या वाट पाहण्यात.

तेव्हापासून प्रत्येक आकड्याशेजारी तापमान लिहितो. गळतीच्या चाचणीतही तेच. नळी ३ बारला भरून रात्रभर ठेवली आणि सकाळी दाब १० मिलिबार उतरला, तर ती गळाली असेल किंवा खोली एका अंशाने थंड झाली असेल. संशय राहिला तरच गळती हुंगणारा हीलियम डिटेक्टर काढायचा.

हाय व्होल्टेजबद्दल तक्रारी आहेत. काही नळ्या पहिल्यांदा व्होल्टेज दिल्यावर चुळबुळतात, प्रवाह नॅनोअँपियरमध्ये उड्या मारतो. बहुतेकदा तारेवर धूळ किंवा सूक्ष्म काटा असतो. काही तास उलट्या ध्रुवतेचा व्होल्टेज दिला की बऱ्याचशा शांत होतात. जूनमध्ये हवा दमट झाली तेव्हा चांगल्या नळ्याही गळका प्रवाह दाखवू लागल्या. दोष टोकाच्या प्लगवरच्या ओलसर थराचा, आत काहीच नाही. कोरडा नायट्रोजन फिरवला की बंद. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांना माझा आधीच नमस्कार.

आणखी एक, ज्यावर नवे विद्यार्थी हसतात: हँडक्रीम बंद. इथल्या हिवाळ्यात हात फुटतात, पण बऱ्याच क्रीममध्ये डायमेथिकोन असतं, म्हणजे सिलिकोन. त्याचा अंश वायूत गेला तर तारेवर थर चढतो आणि मग तार कायमची बिघडते. म्हणूनच सिलिकोन ग्रीसही चालत नाही. आईने पाठवलेलं खोबरेल तेल मी घरीच लावतो आणि लॅबमध्ये हातमोजे घालतो.

आता कामगिरी. वर-खाली सिंटिलेटर (कण गेला की चमकणारी पट्टी) ठेवून वैश्विक किरणांवर चाचणी घेतो. समुद्रसपाटीला चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक म्यूऑन येतो, म्हणजे एका नळीतून सेकंदाला चारेक. रात्रभरात आलेखाला पुरेसा माल मिळतो. वेळेच्या आलेखाची ती उभी कडा आणि १८० पाशी संपणारा उतार पहिल्यांदा दिसला तेव्हा मी रात्री अडीचला फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांनी विचारलं, "कापड किती मीटर निघालं?" एकटी नळी डावं-उजवं सांगत नाही, फक्त अंतर सांगते, म्हणून वरचे थर अर्ध्या नळीने सरकवलेले असतात. चार थर जुळले की रेषा एकच उरते. या घडणीची एका नळीची अचूकता सुमारे १०० मायक्रॉन मानली जाते. आम्ही अजून तिथे नाही, आणि माझा संशय चिकटवण्यावर आहे. ग्रॅनाइटच्या टेबलावर इपॉक्सी सुकताना तिसरा थर जरा उचलला गेला असावा.

१९ नंबर बदलून नवी बसवली. तीन आठवड्यांनंतर ती ९३.९ वर आहे, खोली २२.५ अंश.