डिस्कची तब्येत नेमकी कोणाला विचारायची? स्मार्टसीटीएल, ईएसएक्ससीएलआय आणि रेड कार्डाची कमांड

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. एका यंत्रावर, म्हणजे होस्टवर, चार व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक) आहेत: टॅली, हजेरी, फाइल सर्व्हर आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर. पूर्वी याच कामांना चार पीसी होते. एक बसला तरी तीन चालायचे. आता खालची डिस्क गेली की चारही एकदम बसतात. मालकांचा प्रश्न सरळ असतो: "डिस्क चांगली आहे का नाही, एवढंच सांगा." पण याचं उत्तर तुम्ही कुठल्या कमांडला विचारता त्यावर ठरतं, आणि तीन कमांड तीन वेगळी उत्तरं देऊ शकतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ही चूक मी अनेकांकडे पाहिली आहे. तपासणी होस्टवर करायची, व्हर्च्युअल मशीनच्या आत नाही. आतल्या विंडोजला जी डिस्क दिसते ती प्रत्यक्षात होस्टवरची एखादी फाइल किंवा व्हॉल्यूम असते. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची आभासी साटा डिस्क तर स्मार्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) चाचणीत "पास" असंही सांगते. त्या उत्तराचा खऱ्या डिस्कशी काही संबंध नसतो.

स्मार्टसीटीएल

प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्स प्रणाली) किंवा कुठल्याही लिनक्स होस्टवर पहिली पसंती हीच. २००२ साली ब्रूस ॲलन यांनी सुरू केलेल्या स्मार्टमॉनटूल्स या संचातली ही कमांड डिस्कच्या आतल्या नोंदी थेट वाचते. बरेच जण फक्त -एच देतात, "पास्ड" दिसलं की विंडो बंद करतात. तो निकाल कंपनीने ठरवलेल्या मर्यादा ओलांडल्या का एवढंच सांगतो, आणि त्या मर्यादा फार सैल असतात. शेकडो सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे तुकडे) खराब झालेली डिस्कही "पास्ड" म्हणते.

त्याऐवजी लहान अक्षरातला -ए द्या आणि ५, १८७, १९७, १९८ या क्रमांकांच्या ओळींचा शेवटचा कच्चा आकडा बघा. ५ म्हणजे खराब निघाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि अजून निर्णय न झालेले. माझ्या मते सगळ्यात मोलाची ओळ ही १९७ची. इथे शून्याशिवाय काहीही आलं की मी त्याच दिवशी बॅकअप तपासतो. १९९ वाढत असेल तर डिस्क बदलायची घाई करू नका, आधी केबल बदला. तो डिस्क आणि कंट्रोलर यांच्यातल्या देवाणघेवाणीतल्या चुकांचा आकडा आहे. आणि सीगेटच्या डिस्कवर पहिल्याच ओळीत कोट्यवधींचा आकडा दिसला तर दचकू नका. तिथे चुकांबरोबर एकूण वाचनांची मोजणीही भरलेली असते.

आकडा एकदा बघून उपयोग नाही, तो हलतोय का हे बघायचं. वर्षभर १६ वर थांबलेली डिस्क मी चालू ठेवली आहे. आठवड्यात शून्याचे २४ झालेली काढून टाकली.

मर्यादाही मान्य करायला हवी. गूगलने २००७ साली लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर चार मुख्य स्मार्ट लक्षणांपैकी एकही दिसलं नव्हतं. उलट, तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे लक्षण दिसलं तर विश्वास ठेवा, दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

ईएसएक्ससीएलआय

होस्टवर व्हीएमवेअरची ईएसएक्सआय प्रणाली असेल तर हाताशी हीच कमांड असते. २०१२ च्या ५.१ आवृत्तीपासून ती डिस्कची स्मार्ट माहिती दाखवते. आधी डिव्हाइसची यादी काढायची, मग त्यातल्या लांबलचक नावाने माहिती मागायची. काही वेगळं बसवावं लागत नाही, हा मोठा फायदा. पण येणारा तक्ता तोकडा असतो: एकूण तब्येत, तापमान, चालू तास, हलवलेले सेक्टर अशा मोजक्या ओळी, त्यातही बऱ्याच ठिकाणी "एन/ए". जी १९७ची ओळ मी सर्वात आधी शोधतो, ती जुन्या आवृत्त्यांत यात मिळत नाही. आणि मध्ये रेड कार्ड, म्हणजे अनेक डिस्क जुळवून एक करणारं कार्ड, असेल तर ईएसएक्सआयला खऱ्या डिस्क दिसतच नाहीत. त्याला दिसतो कार्डाने जुळवलेला एकच मोठा व्हॉल्यूम, आणि त्या व्हॉल्यूमला स्वतःची स्मार्ट नोंद नसते.

रेड कार्डाची स्वतःची कमांड

ब्रॉडकॉम-एलएसआयच्या कार्डांना स्टोरसीएलआय, डेलला पर्कसीएलआय, एचपीईला एसएसएसीएलआय. यांच्या कमांड लिहायला किचकट, उत्तर पानभर लांब. तरीही कार्ड असेल तर ही बसवल्याशिवाय सर्व्हर चालू करू नका, असं मी आज ठामपणे सांगतो.

कारण हे माझ्या हातून घडलं आहे. एका ठिकाणी चार डिस्कचा रेड ५ होता, म्हणजे एक डिस्क गेली तरी चालणारी जुळणी. एका डिस्कचा दिवा लाल झाला, मी नवी घातली, रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारणं) सुरू झाला. मध्यावर दुसऱ्या डिस्कचे काही सेक्टर वाचता येईनात आणि सगळा व्हॉल्यूम गेला. ते सेक्टर त्या रात्री खराब झाले नव्हते. फायलींनी न वापरलेल्या कोपऱ्यात ते बरेच दिवस तसेच पडून होते, आणि रिबिल्डला मात्र डिस्कचा प्रत्येक कोपरा वाचावा लागतो. कार्डावरचं पॅट्रोल रीड, म्हणजे सगळी डिस्क अधूनमधून आपोआप वाचून बघणं, बंद होतं. ते मी कधी तपासलं नव्हतं. बॅकअप अकरा दिवस जुना, महिना मार्चचा. हिशेब बघणाऱ्या ताईंनी अकरा दिवसांच्या पावत्या पुन्हा हाताने भरल्या, रात्री दहापर्यंत थांबून. ते मी विसरू शकत नाही.

स्टोरसीएलआयमध्ये प्रत्येक डिस्कपुढे मीडिया एरर आणि प्रेडिक्टिव्ह फेल्युअर हे दोन आकडे असतात. ते बघा, पॅट्रोल रीड चालू आहे का बघा, आणि कॅशच्या बॅटरीची स्थितीही बघा. होस्ट लिनक्सचा असेल तर एलएसआय कार्डामागच्या डिस्कपर्यंत स्मार्टसीटीएलही पोचतं. -डी पुढे मेगारेड आणि डिस्कचा क्रमांक द्यावा लागतो.

एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्कसाठी एनव्हीएमई-सीएलआयचा स्मार्ट-लॉग पुरेसा आहे: पर्सेंटेज यूज्ड (झालेली झीज), अव्हेलेबल स्पेअर (उरलेली राखीव जागा), मीडिया एरर. पर्सेंटेज यूज्ड १०० च्या पुढेही जातो, त्यामुळे ९० दिसल्यावर घाबरायचं नाही, पण नव्याची तरतूद करायची. बॅडब्लॉक्स ही खराब सेक्टर शोधणारी कमांड चालू सर्व्हरवर वापरू नका. त्यातला -डब्ल्यू पर्याय डिस्कवरचं सगळं पुसून टाकतो. नवी, रिकामी डिस्क घासून बघायला तो चांगला.

मग निवड काय?

नवा सर्व्हर घेत असाल आणि निर्णय तुमच्या हातात असेल, तर रेड कार्डाऐवजी साधं एचबीए (डिस्क न जुळवता थेट जोडणारं कार्ड), प्रॉक्समॉक्स आणि झेडएफएस मिरर (झेडएफएस या फाइल सिस्टिमने दोन डिस्कवर ठेवलेली सारखी प्रत). स्मार्टसीटीएलला डिस्क थेट दिसतात. त्याच संचातलं स्मार्टडी दर ३० मिनिटांनी बघतं आणि रूटला मेल पाठवतं. तो मेल तुमच्या रोजच्या मेलबॉक्सला जोडून घ्या, नाहीतर तो होस्टवरच पडून राहतो. झेडएफएसचं स्क्रब तिथे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपोआप चालतं आणि साठवलेला डेटा चेकसमशी पडताळून बघतं. स्मार्टमधून निसटलेली चूक तिथे सापडते.

ईएसएक्सआय आणि रेड कार्ड आधीच असेल तर उखडायची गरज नाही. कार्डाची कमांड मुख्य धरा, ईएसएक्ससीएलआय फक्त वरवरच्या नजरेसाठी.

दीर्घ चाचणी, म्हणजे -टी लाँग, कधी लावायची हेही ठरवून घ्या. ४ टीबीच्या डिस्कला सात-आठ तास सहज लागतात, आणि त्या वेळात टॅली जड चालते. मी ती शनिवारी रात्री लावतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आधी १९४ क्रमांकाचं तापमान बघतो. कापसाचे तंतू सर्व्हरच्या जाळीवर पंधरा दिवसांत चादरीसारखे बसतात. ब्लोअरने जाळी साफ केली की आकडा त्याच दिवशी उतरतो.

गेल्या शनिवारच्या चाचणीत त्या टॉवेल कारखान्याच्या दुसऱ्या डिस्कचा १९७ शून्यावरून ८ झाला. बऱ्याच नव्या डिस्कवर हा आकडा आठाआठानेच वाढतो, कारण आतला खरा सेक्टर ५१२ बाइटचे आठ तुकडे मिळून असतो. म्हणजे खराब झालाय एकच. तरी मालकांना सांगून टाकलं, नवी डिस्क पुण्याहून निघाली आहे, आणि बदलण्याआधी बुधवारी रात्री पूर्ण बॅकअप परत वाचून बघणार आहे.