झडतीची पावती मागा, आणि ‘कारण’ आधी वाचा

सेवा: इंग्लंडमध्ये पोलिसांनी रस्त्यात झडती घेतल्यावर मिळणारी नोंदीची प्रत, आणि त्यावरची तक्रार. पाचपैकी तीन तारे.

माझ्या १७ वर्षांच्या लेकाला क्लासहून येताना बसस्टॉपवर थांबवलं. बॅग बाकड्यावर उलटी केली. कॅल्क्युलेटर, बॅटिंगचे ग्लोव्हज, आणि डब्याचं झाकण उघडून उरलेली भाजीसुद्धा पाहिली. सापडलं काहीच नाही. घरी येऊन एवढंच म्हणाला, “आई, शाळेतली पोरं बघत होती गं.”

पावती त्याने घेतली नव्हती. तिथून कधी एकदा सुटतोय असं झालं होतं त्याला. पण तीन महिन्यांच्या आत ती मागता येते, हे शेजारच्या ताईंनी सांगितलं. ऑनलाइन अर्ज केला, नवव्या दिवशी प्रत हातात. तारीख, वेळ, जागा, कायद्याचं कलम, सगळं नीट भरलेलं. इथवर तक्रार नाही.

कारणाच्या रकान्यात मात्र एकच ओळ: ‘हुडी घातलेली, नजर चुकवली.’ ती ओळ मी किती वेळा वाचली असेल! पोलिसांच्या अधिकारांबद्दलच्या १९८४ च्या ‘पेस’ कायद्याप्रमाणे झडतीला रास्त संशय लागतो, आणि त्याच्या ‘कोड ए’ मध्ये, म्हणजे झडतीच्या नियमावलीत, स्पष्ट आहे की नुसता वंश, वय किंवा ‘असे दिसणारे असलेच’ हा ठोकताळा संशयाचं कारण धरता येत नाही. (१९९४ च्या कायद्यातलं कलम ६० त्या भागात लागू असेल तर संशयाची अट नसते, म्हणून कलम कोणतं लिहिलंय ते बघाच.)

एक तारा कापला तो तक्रारीसाठी. तक्रार आधी त्याच पोलीस दलाकडे जाते. ज्यांच्याबद्दल बोलायचं, त्यांच्याच दारात उभं राहायचं, हे मला अजिबात पटलेलं नाही. निकाल पटला नाही तर फेरतपासणी मागता येते, ती मी मागितलीय.

दुसरा तारा चित्रीकरणाचा. अधिकाऱ्याच्या छातीवर कॅमेरा होता, पण मी सहाव्या आठवड्यात विचारलं तोवर ते पुसलं गेलं होतं. बऱ्याच दलांत पुराव्याला नको असलेलं चित्रीकरण ३१ दिवसांत जातं. पहिल्याच आठवड्यात लेखी मागा.

लेकाच्या बॅगेत आता एक चिठ्ठी असते, माझ्या हातची: ‘कारण विचार. कलम विचार. झडतीसाठी नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. पावती घेतल्याशिवाय निघू नकोस.’